माल बाहेर जाण्याआधीचं वर्ष

थोरल्याने मूठभर लाकडाचा भुसा प्रेसच्या पायथ्याशी टाकला आणि बुटाच्या टाचेने तेलाचा डाग घासायला घेतला. भुसा काळा झाला, डाग मात्र होता तिथेच राहिला. त्याने आणखी एक मूठ टाकली.

“दादा, तो डाग बाबांच्या वेळचा आहे,” पलीकडच्या प्रेसवरून धाकटी म्हणाली. “निघणारा असता तर त्यांनीच काढला असता.”

“परवा माणसं येतायत.”

“ती काय डाग बघायला येतायत?”

थोरला टाच झटकून खिडकीपाशी गेला, काचेवर बोट फिरवून धूळ पाहिली, रुमालाने बोट पुसलं, मग त्याच रुमालाने काच पुसायला लागला. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. आठवडाभर मालकांच्या पायाला भिंगरी लागली होती. काल त्यांनी उभं राहून फाटक रंगवून घेतलं होतं, आणि रंग ओला आहे हे विसरून स्वतःच त्याच्यावर हात टेकला होता. फाटकावर अजून पंजा होता.

कारखाना बिजागऱ्यांचा होता. दारांच्या, खिडक्यांच्या, कपाटांच्या. वडिलांनी तो एका हातप्रेसवर सुरू केला आणि त्यांच्यामागे दोघा मुलांनी वाढवला. थोरल्याकडे बाहेरचं सगळं: गिऱ्हाईक, बँक, वाहतूक, गोड बोलणं. धाकटीकडे आतलं: पत्रा, प्रेस, माणसं, आणि पत्र्यातून बिजागरीचा आकार कापणारे ते जड लोखंडी साचे, ज्यांना तिथे सगळे डाय म्हणत. पन्नाशी दारात येऊन उभी राहिली तरी घरात ती धाकटीच होती, कामगारांची ताई. तिने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची वेळ कधी आली आणि कधी टळून गेली ते थोरल्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी त्यांची पहिली पेटी समुद्रापलीकडे गेली, आणि थोरला बदलला. कारखानदारांच्या सभेत त्याला बोलायला बोलावू लागले. तिथे तो एकच भाषण करी आणि दर वेळी ते नव्याने रंगे: परदेशी गिऱ्हाईक म्हणजे आमचा मास्तर, त्याने छडी मारली म्हणून आम्ही शिकलो. पण त्या मास्तराच्या मागणीला वर्षभरापासून ओहोटी लागली होती. त्याची कंपनी दुसऱ्या कुणी तरी घेतली होती आणि पत्रांची उत्तरं उशिरा, मोजक्या शब्दांत येत. आता वेगळ्याच देशातला एक मोठा खरेदीदार तीन वर्षांचा करार करायला तयार झाला होता. त्याची एक अट होती. उत्पादनाला जबाबदार अशा एका माणसाचं नाव करारात हवं, आणि करार संपेपर्यंत त्या माणसाने कारखान्यातच असायला हवं.

थोरल्याने धाकटीचं नाव घातलं होतं. विचारायचं काय त्यात. फाटकाकडे जाता जाता तिला सांगितलं, तेव्हा ती “बघू” म्हणाली होती. तिच्या “बघू”चा अर्थ “हो” असतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याच सकाळी विद्यापीठातल्या एक संशोधक बाई आल्या. पाठीवर सॅक, पायात मळके कापडी बूट. वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांचा त्या कित्येक वर्षं अभ्यास करत होत्या. थोरल्याने त्यांना कार्यालयातल्या चांगल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभाच राहिला.

“कुठल्याही देशात जा, एक गोष्ट सारखी दिसते,” बाई म्हणाल्या. “जे कारखाने बाहेर माल पाठवतात, ते शेजारच्या न पाठवणाऱ्यांपेक्षा सरस असतात. तेवढ्याच माणसांत जास्त माल काढतात, कमी वाया घालवतात. देश श्रीमंत असो नाहीतर गरीब. इथवर कुणाचं भांडण नाही.”

“मग भांडण कशावर आहे?”

“आधी काय झालं यावर. बाहेर गेले म्हणून सरस झाले, की मुळात सरस होते म्हणून बाहेर जाऊ शकले?”

“म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं!” थोरला खूश झाला. “आमच्यापुरतं उत्तर सोपं आहे बाई. आधी गिऱ्हाईक.”

आणि त्याने गिऱ्हाइकाने पाठवलेल्या निरीक्षकाची गोष्ट सुरू केली. पहिल्या ऑर्डरच्या वेळी आलेला तो लांबलचक माणूस, दारातून वाकून आत आला होता. एकेक बिजागरी बोटावर लटकवायचा, तिची पाती हलवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. जी करकरली ती टोपलीत. “संध्याकाळपर्यंत टोपली भरली. मला वाटलं, संपलं. पण त्या माणसाने आम्हाला शिकवलं. आज त्याच प्रेस आहेत, माणसंही जवळजवळ तेवढीच आहेत, पण माल बघा कुठल्या कुठे गेला.”

“हा माल वाढला तो निरीक्षक येऊन गेल्यावर?”

“हो. म्हणजे त्याच सुमाराला.”

“खाली तुमच्या माणसांशी बोलले तर चालेल?”

“चालेल काय, धावेल!” थोरला म्हणाला, आणि त्यांच्या आधी जिना उतरला.

खाली सगळ्यात मोठ्या प्रेसवर पैलवान होता. फुंकर मारली तर उडेल अशा अंगकाठीचा, म्हणून त्याचं नाव पैलवान. बाईंनी विचारल्यावर त्याने उत्साहाने डाय बदलून दाखवली. फळ्यांवर रंगीत पट्ट्यांच्या खाली त्याच रंगाच्या डाय ठेवलेल्या होत्या. चाकांचा गाडा प्रेसच्या अगदी उंचीचा. डाय उचलावी लागत नव्हती, सरकत होती.

“पूर्वी हिच्यापायी अर्धा दिवस जायचा,” तो म्हणाला. “गोदामातून चौघं उचलून आणायचो, शिव्या देत. कुठला बोल्ट कुठे गेला ते शोधण्यातच जेवणाची वेळ व्हायची. आता बघा, चहा निवायच्या आत.”

“हे कधीपासून?”

“माझं लग्न जमत होतं ना, तेव्हापासून. ताई हात धुऊन मागे लागल्या होत्या सगळ्यांच्या. मी मुलगी बघायला जायला सुट्टी मागितली तर म्हणाल्या, आधी डाय चढवून दाखव, मग मुलगी बघ.”

आजूबाजूचे हसले. बाईही हसल्या.

“आणि पहिली पेटी परदेशी गेली तेव्हा?”

“तेव्हा तर माझी पोरगी पळायला लागली होती. पेटीवर चढून बसली, उतरेचना. मालकांनीच तिला उचलून खाली ठेवलं.”

थोरल्याला ती मुलगी आठवली. लाल झबलं, नाकाला शेंबूड. त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं.

“तुझा काहीतरी घोळ होतोय रे,” तो म्हणाला. “निरीक्षकाने सांगितल्यावर आपण हे केलं.”

“निरीक्षकसाहेबांनी मिठाच्या पाण्याचं सांगितलं, मालक. बिजागऱ्या भिजत घालून गंज बघायचा. पेट्या कशा बांधायच्या, तेही त्यांचंच. पण हे नाही. उलट हे बघूनच तर ते खूश झाले होते.”

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” मागून कुणी तरी पुटपुटलं. कुणी हसलं नाही, कारण मालक हसत नव्हते.

बाई धाकटीकडे वळल्या. ती कापडाने हात पुसत होती.

“तेव्हा बाहेरच्या मागणीचा काही विचार होता का?”

“नाही. तेव्हा आम्ही पलीकडच्या जिल्ह्यातसुद्धा माल पाठवत नव्हतो.”

“मग एवढं सगळं का केलंत?”

“वेळ वाचावा म्हणून.”

“कशासाठी वाचवायचा होता?”

मोठ्या प्रेसचा ठोका पडला, मग दुसरा. धाकटीने कापडाची घडी केली. पुसण्यासारखं काही उरलं नसताना पुन्हा एकदा नखं पुसली.

“तुम्ही चहा घेणार ना?” ती म्हणाली आणि चहा सांगायला स्वतःच निघून गेली.

फाटकाशी निरोप घेताना बाईंनी ओल्या रंगातला पंजा पाहिला आणि अंग चोरून बाहेर पडल्या.

“तुमचंही खोटं नाही,” त्या थोरल्याला म्हणाल्या. “बाहेर गेल्यावर तुम्ही शिकलात, ते दिसतंच आहे. पण मोठी उडी त्याच्या आधीची आहे. पुष्कळ ठिकाणी असं दिसतं. माणसं आधी तयारी करतात, मग बाहेर पडतात. फक्त तयारी कशाची चालली आहे, हे बहुतेकांना माहीत असतं.”

“आणि आमच्याकडे?”

“ते तुम्ही त्यांना विचारा. मी परकी आहे.”

दिवसभर थोरल्याचं कशात लक्ष लागलं नाही. कार्यालयात बसला की खालचे ठोके ऐकू येत. खाली गेला की टेलिफोन वाजल्यासारखा वाटे. ते वर्ष आठवायचा त्याने प्रयत्न केला. वडील जाऊन थोडेच महिने झाले होते. तो गिऱ्हाइकांच्या मागे गावोगाव फिरत होता आणि घरी आला की झोपत होता. धाकटी तेव्हा काय करत होती? रविवारीही कारखान्यात असायची, एवढं आठवत होतं. फळ्या ठोकायची. एकदा तो तिला न्यायला गेला तेव्हा ती पैलवानाच्या हातात पाना देऊन स्वतः दूर भिंतीला टेकून उभी होती. तो चुकत होता आणि ती काही सांगत नव्हती. थोरल्याला तेव्हा वाटलं होतं, दमली असेल.

घरी बायको उशांना अभ्रे चढवत होती. त्याने एक अभ्रा उचलला, उलटा धरला, परत ठेवला.

“धाकटीने ते सगळं कशासाठी केलं होतं?”

“कुठलं सगळं?”

“डायच्या फळ्या, गाडे. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी.”

बायकोने उशी छातीशी धरली आणि हनुवटीने अभ्रा ओढला. उशी आत बसल्यावरच ती बोलली.

“वन्सं जाणार होत्या.”

“कुठे?”

“समुद्राकाठी ती तंत्रशाळा आहे ना, तिथे. डाय बनवायला शिकवायला. त्यांची वर्गमैत्रीण तिथे मुख्य झाली होती, तिनं बोलावलं. ह्या हो म्हणाल्या. फक्त एक वर्ष मागून घेतलं. म्हणाल्या, माझ्यावाचून कारखाना चालला पाहिजे, मग सांगते दादाला. त्याची फजिती व्हायला नको.”

थोरला पलंगाच्या कडेला टेकला आणि लगेच उठला.

“मग?”

“मग तुम्ही मिठाईचा पुडा घेऊन आलात.”

ती संध्याकाळ त्याला आठवली, त्यासाठी प्रयत्न करावा लागला नाही. बूट न काढताच तो आत आला होता. सगळ्यांदेखत त्याने धाकटीच्या डोक्यावर टपली मारली होती आणि म्हणाला होता, तू आहेस म्हणून परदेशच्या पहिल्या मागणीवर सही ठोकून आलो, तू नसतीस तर माझी काय टाप होती! धाकटीने पुड्याची दोरी सोडवली होती. सगळ्यांना एकेक तुकडा दिला होता.

“तू मला सांगायचंस.”

“सांगू नका म्हणाल्या. आणि सांगून काय करणार होते?” बायकोने पुढची उशी ओढली. “तुम्ही आधी सही केलीत. घरी नंतर आलात.”

दुसऱ्या दिवशी सगळा कारखाना झाडून-पुसून तयार होता आणि तरीही थोरला फिरत होता. दुपारच्या जेवणाला प्रेस थांबल्या तेव्हा त्याला धाकटी हत्यारांच्या खोलीत सापडली. टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळलेल्या एका लोखंडी तुकड्यावर ती कानस मारत होती.

“ती तंत्रशाळा अजून आहे?”

कानस थांबली नाही. “वहिनीच्या पोटात राहिलं नाही तर.”

“अजून विचारतात?”

“दर उन्हाळ्यात एक फोन येतो. मी ‘बघू’ म्हणते.”

थोरल्याने टेबलावरची मोजपट्टी उचलली. तिच्याकडे बघत बघत ती पूर्ण उघडली, मग पूर्ण मिटली.

“माझा राग नाही आला तुला?”

“यायचा की. मग ट्रक भरायची वेळ व्हायची.”

“तेव्हाच तोंडावर नाही म्हणायचंस!”

“ओरडू नकोस, माणसं जेवतायत.” तिने तुकड्यावरचा कीस फुंकरीने उडवला आणि कडेवरून अंगठा फिरवला. “बाबा गेल्यावर तू पहिल्यांदा हसत होतास, दादा. पुडा हातात होता तुझ्या. आणि तूही उगाच वनवास-बिनवास समजू नकोस. पेटी बाहेर गेली तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. आपली बिजागरी कुठल्या तरी थंड गावात कुणाच्या तरी दाराला. मीही बघायला उभी होतेच की ट्रकपाशी.”

“मग आता जा.”

कानस थांबली.

“उद्या ती माणसं येतायत. कागदावर माझं नाव तू घातलंयस. आणि आज म्हणतोस, जा.” ती हसली, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. “पैलवानाचं नाव ते घेणार नाहीत, त्यांना मालकांपैकी कुणी तरी हवं. माझ्या जागी तू उभा राहणार आहेस? तुला पाना कुठे असतो तेही माहीत नसेल.”

तेवढ्यात भोंगा झाला. तिने तुकडा सोडवून घेतला आणि ती गेली. थोरला मोजपट्टी हातात घेऊन तिथेच थोडा वेळ घुटमळला. नंतर कामगारांनी पाहिलं तर मालक प्रेसच्या मागच्या बाजूला उभे होते. हात पाठीशी बांधून ते नुसते बघत होते, आणि कुणी बघितलं की तिथून हलत होते.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी खरेदीदार आला तो ठेंगणा, पांढऱ्या दाढीचा माणूस होता. सोबत दुभाषा. त्याने ना डागाकडे पाहिलं ना खिडक्यांकडे. मिठाच्या पाण्यातल्या बिजागऱ्या बाहेर काढायला लावल्या, पेट्या उलट्या करून पाहिल्या, पत्र्याच्या गुंडाळीला नाक लावून वास घेतला. मग सगळे मोठ्या प्रेसपाशी येऊन थांबले. धाकटी एका बाजूला उभी होती. पैलवान तिच्यामागे.

दुभाष्याने कागद उघडला. “तीन वर्षांसाठी जबाबदार व्यक्ती. या बाई, नाही का?”

“नाही,” थोरला म्हणाला. “मी.”

धाकटीची मान वळली.

“पण इथे तर...”

“ते नाव त्यांना न विचारता घातलं होतं. चूक झाली. माझं घाला.”

दुभाष्याने भाषांतर केलं. खरेदीदाराने थोरल्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. चकाकते बूट, इस्त्रीची पांढरी बाही. त्याने दाढी खाजवली आणि अगदी सौम्यपणे काही बोलला.

“ते म्हणतायत, फार छान. मग तुम्हीच जरा ही डाय उतरवून कपाटाच्या बिजागरीची चढवा. एक पाती काढून दाखवा.”

पैलवान पुढे सरकला. धाकटीने त्याच्याकडे न पाहता हात आडवा धरला.

थोरल्याने बाह्या दुमडल्या. एक बाही वर गेली, दुसरी कोपराशी अडकली, ती त्याने तशीच सोडली. प्रेस बंद करायचं बटण त्याला ठाऊक होतं. पुढे काय ते ठाऊक नव्हतं. त्याने डायकडे पाहिलं. तिच्या अंगावर हिरवा पट्टा होता आणि बोल्टांवर लहान बाण रंगवलेले होते, कुठल्या बाजूला फिरवायचं ते दाखवणारे. त्याने हात लांब केला. पाना हाताला लागला.

तो डावरा होता. शाळेत त्यापायी फटके खाल्ले, लिहायला उजव्या हाताने शिकला, पण बाकी सगळ्याला अजून डावाच हात पुढे जायचा. पाना प्रेसच्या डाव्या अंगाला टांगलेला होता. गाड्याची खिटी डाव्या अंगाला होती. बोल्ट ठेवायची वाटी डाव्या अंगाला होती. पैलवान पाना घ्यायला नेहमी प्रेसला वळसा घालून जातो, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं, आणि तसाच नियम असेल असं त्याला वाटलं होतं. इथे दुसरं कुणी डावरं नव्हतं. आणि त्याने तर आजवर प्रेसला हातही लावला नव्हता.

पाना हातात धरून तो थांबला. मग त्याने धाकटीकडे पाहिलं. ती छताच्या पत्र्याकडे बघत होती.

तो कामाला लागला. पहिला बोल्ट सुटला, दुसरा बोटातून निसटून घरंगळत खरेदीदाराच्या पायाशी गेला. खरेदीदाराने वाकून तो उचलून दिला. डाय गाड्यावर अर्धी आली आणि रुतली. पैलवानाच्या घशातून आवाज आला. थोरल्याने खिटी दाबली, डाय सरकली. हिरव्या पट्ट्याखाली हिरवी गेली, पिवळ्यातली पिवळी आली. पांढऱ्या बाहीवर तेलाचे ओघळ आले. कपाळावरचा घाम पुसताना त्याने तेच तेल कपाळाला लावून घेतलं. किती वेळ गेला ते कुणी पाहिलं नाही, पण तेवढ्या वेळात पैलवानाने चार डाय बदलल्या असत्या. पाठीशी बांधलेल्या हातांची बोटं धाकटीने एकमेकांत इतकी घट्ट अडकवली होती की ती पांढरी पडली होती.

पहिली पाती वाकडी निघाली. थोरल्याने ती बाजूला टाकली, बोल्ट पुन्हा आवळले. दुसरीच्या कडेला खरखर होती. तिसरी त्याने स्वतः तपासली नाही. तशीच खरेदीदाराच्या हातात दिली.

त्या माणसाने कडेवरून अंगठा फिरवला. पाती उजेडात धरली. मग दुभाष्याशी बराच वेळ बोलला.

“ते विचारतायत, तुम्ही हे आयुष्यात पहिल्यांदाच केलंत ना?”

थोरल्याने मान खाली घातली. “हो.”

दुभाष्याने सांगितलं. खरेदीदार मोठ्याने हसला आणि त्याने फळ्यांकडे, पट्ट्यांकडे, गाड्याकडे बोट दाखवलं.

“ते म्हणतायत, त्यांनी बऱ्याच देशांतले कारखाने पाहिलेत. सगळीकडे त्यांना सगळ्यात हुशार माणूस काम करून दाखवतो. नवख्या माणसालाही काम जमावं अशी मांडणी त्यांना आज पहिल्यांदा बघायला मिळाली.”

कागदावर नाव खोडलं गेलं, दुसरं घातलं गेलं. थोरल्याने सही केली तेव्हा कागदाला तेल लागलं. खरेदीदार पेट्यांकडे पुन्हा एकदा वळला, दुभाषा त्याच्यामागे, बाकीचेही पांगले. प्रेसपाशी भाऊ-बहीण दोघंच राहिली.

“शेवटचा बोल्ट अर्धा फेरा कमी आहे,” धाकटी म्हणाली.

“मग सांगायचंस.”

“पाती बरोबर आली ना?”

त्याला बरंच काही विचारायचं होतं. पाना टांगायला हात पुढे झाला तशी ती थोडी बाजूला सरली.

“मी जरा बाहेर जाऊन फोन करून येते,” ती म्हणाली.

कामाच्या वेळेत ती कधी फाटकाबाहेर गेल्याचं त्याला आठवत नव्हतं. कापड प्रेसवर टाकून ती निघाली. मध्ये कुणी काही विचारलं, त्याला तिने खांद्यावरून “मालकांना विचार” म्हटलं. फाटकातल्या उन्हात तिने डोळ्यांवर हात धरला, आणि मग ती भिंतीआड दिसेनाशी झाली.

थोरला तिच्या मागे निघाला होता. चार पावलं गेलाही. पण पैलवानाने प्रेस सुरू केली होती, पिवळ्या डायमधून पात्या एकामागून एक खाली पडत होत्या, आणि पैलवान एक पाती हातात धरून त्याच्याकडे बघत होता.

“मालक,” त्याने विचारलं, “ही चालेल का?”

थोरला मागे फिरला. त्याने पाती घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

“थांबव,” तो म्हणाला. “अर्धा फेरा कमी आहे.”